मेनोपॉजनंतर हॉर्मोन्स आणि ब्रेस्ट कॅन्सरची भीती : नक्की धोका किती?

सांजवेळ

पाळी बंद होऊन वर्ष उलटलं. वय ५१. रात्री कधीतरी छातीतून वर गरम वाफ चढते, मान आणि केसांची मुळं भिजतात. पांघरूण भिरकावून द्यावं लागतं आणि थोड्या वेळाने थंडी वाजून तेच परत ओढावं लागतं. मग झोप येत नाही ती नाहीच. दिवसा कामावर साधा मेल दोनदा वाचला तरच डोक्यात शिरतो. घरच्यांवर चिडचिड होते ती वेगळीच.

गायनॅकनी तपासण्या करून एचआरटी सुचवली, म्हणजे मेनोपॉजनंतर कमी झालेली हॉर्मोन्स औषधाने बाहेरून देणं. गर्भाशय आहे, म्हणून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही. चिठ्ठी अजून पर्समध्येच आहे. माझ्या मावशीला साठीनंतर ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, त्यामुळे बहीण म्हणते हात लावू नकोस. एक मैत्रीण गेली काही वर्षं घेतेय, ती म्हणते मी पुन्हा माणसात आले. डॉक्टर म्हणाल्या, "थोडा धोका असतो, पण फायदा जास्त आहे." थोडा म्हणजे किती? ज्यांनी घेतलंय, नाकारलंय किंवा ज्यांना यातलं नीट कळतं, त्यांनी कृपया लिहा.

मेघना_आर

मी घेतली नाही आणि घेणारही नाही. अमेरिकेत एवढा मोठा अभ्यास धोका दिसला म्हणून मध्येच थांबवावा लागला होता, ते उगाच का? गरमीचे झटके कधीतरी थांबतात. कॅन्सर झाला तर तो आयुष्याला पुरतो. तुम्हाला घाबरवायचं नाहीये, पण घरात कॅन्सर असताना असली जोखीम कशाला घ्यायची?

प्राजक्ताची_फुलं

मेघना, तुमची भीती समजते, पण "असली जोखीम" सगळ्यांची सारखी नसते. फायब्रॉइड्समुळे (गर्भाशयातल्या साध्या गाठी) माझं गर्भाशय काढलं, अंडाशयंही काढली. ऑपरेशननंतर मेनोपॉज एका रात्रीत आला. सांधे धरले, डोकं बधिर, कुठेही बसल्या जागी रडू यायचं. मला फक्त इस्ट्रोजेनचा पॅच दिला. गर्भाशयच नाही म्हटल्यावर प्रोजेस्टेरॉनची गरज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि फक्त इस्ट्रोजेनचं गणित वेगळं असतं, हेही. ते मला नीट मांडता येणार नाही. केतकी इथे असतात का हल्ली?

केतकी

आहे. धागा सकाळीच पाहिला होता, निवांत लिहायचं म्हणून थांबले. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथे कुणाला औषध घ्या किंवा घेऊ नका असं सांगणार नाही, कारण तपासल्याशिवाय ते सांगू नये. पण "थोडा म्हणजे किती" हा प्रश्न अगदी रास्त आहे. आकडा न सांगता "थोडा" म्हणून पेशंटला घरी पाठवणं मला पटत नाही.

मेघना म्हणतात तो अभ्यास म्हणजे विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह. त्यातल्या एका चाचणीत गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रिया होत्या. निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनचा कृत्रिम प्रकार) ही रोजची गोळी, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. सरासरी पाच वर्षांनंतर, जुलै २००२ मध्ये चाचणी थांबवली. खरी गोळी घेणाऱ्यांत दर वर्षी १०,००० मागे ३८ जणींना ब्रेस्ट कॅन्सर झाला, दुसऱ्या गटात ३० जणींना. म्हणजे १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ८ जादा. त्या वेळी मथळे आले ते "२६ टक्क्यांनी धोका वाढला" असे. दोन्ही खरंच आहे. पण २६ टक्के वाचून "शंभरातल्या सव्वीस जणींना कॅन्सर होणार" असा समज झाला आणि तो अजून गेलेला नाही. मला भेटणाऱ्या निम्म्या बायका हाच आकडा मनात धरून येतात.

दुसरी चाचणी गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांची, त्यांना फक्त इस्ट्रोजेन. ती २००४ मध्ये थांबवली, पण स्तनाच्या कर्करोगामुळे नव्हे, पक्षाघाताचं प्रमाण वाढलं म्हणून. या गटात ब्रेस्ट कॅन्सर वाढला तर नाहीच, उलट कमी झाला. सुमारे वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, तेव्हाही तो फरक टिकून होता : इस्ट्रोजेन एकटं घेणाऱ्यांत सुमारे २२ टक्के कमी, दोन्ही घेणाऱ्यांत सुमारे २८ टक्के जास्त.

म्हणून "हॉर्मोन्सने कॅन्सर होतो का?" या प्रश्नाला एक उत्तर देताच येत नाही. कोणतं हॉर्मोन, कुणाला, कोणत्या वयात, किती वर्षं आणि शरीरात कोणत्या वाटेने, हे आधी ठरवावं लागतं.

सांजवेळ

मनापासून धन्यवाद केतकी. मग एक भाबडा प्रश्न. धोका प्रोजेस्टेरॉनमुळे वाढतो, तर ते द्यायचंच कशाला?

केतकी

भाबडा अजिबात नाही. गर्भाशय असताना एकटं इस्ट्रोजेन दिलं तर आतलं अस्तर जाड होत जातं आणि गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका स्पष्टपणे वाढतो. हे १९७५ मध्येच लक्षात आलं होतं. प्रोजेस्टेरॉन ते अस्तर आवरून धरतं. स्तनात मात्र त्याचं काम वेगळं. आठवा, पाळी यायच्या आधीचा आठवडा : स्तन जड व्हायचे, दुखायचे, ब्रा घट्ट वाटायची. पाळीच्या त्या दुसऱ्या टप्प्यात प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि दुधाच्या ग्रंथींतल्या पेशींची विभागणीही वाढते. मेनोपॉजनंतर हे चक्र थांबलेलं असतं, रोजच्या गोळीने ते सतत चालू राहतं. पेशी जितक्या विभागतात तितकी चूक व्हायची, किंवा आधीच चुकलेली पेशी वाढायची संधी जास्त.

पण प्रोजेस्टेरॉनचेही प्रकार आहेत. चाचणीत मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन होतं, ते कृत्रिम. शरीरात बनतं त्याच रचनेचं मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन आता बरेच डॉक्टर देतात. फ्रान्समधल्या ई३एन या मोठ्या पाहणीत, इस्ट्रोजेनसोबत हे घेणाऱ्या स्त्रियांत ब्रेस्ट कॅन्सर वाढलेला दिसला नाही. इतर बहुतेक कृत्रिम प्रकार घेणाऱ्यांत तो वाढलेला दिसला. ही पाहणी आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी नव्हे, त्यामुळे "धोका शून्य" असं मी कधीच म्हणणार नाही. पण निवड करायची झाली तर मी त्याच बाजूला झुकते.

शेखर_

पत्नीसाठी वाचतोय. केतकी मॅडम, एक शंका. इंग्लंडच्या अभ्यासात फक्त इस्ट्रोजेननेही धोका वाढतो असं आलंय ना? मग तुमच्या अमेरिकन चाचणीत कमी कसा झाला?

केतकी

चांगलं पकडलंत. तुम्ही म्हणता तो इंग्लंडचा अभ्यास म्हणजे मिलियन विमेन स्टडी. त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये आले, त्यात दहा लाखांहून जास्त स्त्रिया होत्या. नंतर २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ५८ अभ्यास एकत्र करून मोठं विश्लेषण आलं. पेशंटशी बोलताना मी त्याचे आकडे वापरते, कारण ते सगळ्यांत सावध आहेत. सरासरी वजनाच्या १,००० स्त्रिया घ्या. हॉर्मोन अजिबात घेतलं नाही, तर पन्नाशी ते एकोणसत्तर या वीस वर्षांत सुमारे ६३ जणींना ब्रेस्ट कॅन्सर होतो. पन्नाशीपासून पाच वर्षं दोन्ही हॉर्मोन्स रोज घेतली तर ८३ जणींना. प्रोजेस्टेरॉन महिन्यातले काही दिवसच घेतलं तर ७७. फक्त इस्ट्रोजेन घेतलं तर ६८. दहा वर्षं घेतलं तर जादाचा आकडा साधारण दुप्पट. थांबवल्यावर धोका उतरतो, पण लगेच पूर्ण पुसला जात नाही. बराच काळ घेतलं असेल तर थोडा अंश दहा वर्षांहून जास्त राहतो.

हे आकडे पाश्चात्त्य देशांतले आहेत. जिथे मुळात हा आजार कमी आहे, तिथे जादाचा आकडाही कमी पडेल.

आता एकट्या इस्ट्रोजेनने ६३ चे ६८ होतात की उलट घट होते, हा तुमचा प्रश्न. अमेरिकन चाचणीतल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, बऱ्याच जणींची पाळी जाऊन दहा वर्षांहून जास्त झालेली, आणि अनेकींचं वजन जास्त. मेनोपॉजनंतर चरबीतूनच इस्ट्रोजेन तयार होतं, त्यामुळे स्थूल स्त्रीत बाहेरून दिलेल्या इस्ट्रोजेनने फारसा फरक पडत नाही. लॅन्सेटच्या विश्लेषणातही स्थूल स्त्रियांत आणि साठीनंतर सुरू करणाऱ्यांत वाढ कमी होती. दोन्ही अभ्यास मिळून एवढं नक्की सांगतात की एकट्या इस्ट्रोजेनचा धोका दोन्ही हॉर्मोन्सच्या तुलनेत बराच कमी आहे. तो थोडा वर की थोडा खाली, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

मेघना_आर

आकडे वाचले. १,००० मध्ये २० जादा हे मला अजूनही कमी वाटत नाही. त्या वीसमध्ये मी असले तर?

केतकी

मेघना, तुम्हाला कमी वाटत नसेल तर तुमच्यासाठी तो कमी नाही, आणि तुमचा निर्णय पूर्णपणे योग्य आहे. झटके सहन होण्याजोगे असतील तर हॉर्मोन घ्यायलाच हवं असं मुळीच नाही. मला फक्त एवढंच वाटतं की जिला झोप नाही, काम सुचत नाही, तिने तुमच्या भीतीवरून स्वतःचा निर्णय घेऊ नये.

अजून एक तुलना देते, ब्रिटनमध्ये पेशंटना दाखवतात ती. पन्नाशीतल्या १,००० स्त्रियांत पाच वर्षांत साधारण २३ जणींना ब्रेस्ट कॅन्सर होतो. दोन्ही हॉर्मोन्सनी त्यात ४ वाढतात. रोज दोन किंवा जास्त युनिट मद्य घेतल्याने ५ वाढतात. स्थूलपणाने २४ वाढतात. आणि आठवड्याला अडीच तास बऱ्यापैकी व्यायाम केला तर ७ कमी होतात. एचआरटीची चर्चा तासभर करणारे आपण वजनाविषयी दोन मिनिटंही बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. चिठ्ठी लिहिताना हे बोलणं माझंही काम आहे.

अबोली

मी दुसऱ्या बाजूची. मला ४८ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला, हॉर्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे हॉर्मोन्सच्या जोरावर वाढणारा. ऑपरेशन, केमो, रेडिएशन झालं आणि आता टॅमॉक्सिफेन चालू आहे. केमोने पाळी गेली. झटके असे, की उशी उलटी करून झोपावं तर दुसरी बाजूही भिजायची. माझ्यासारख्यांना एचआरटी देत नाहीत हे माहीत आहे. पण मला कुणी "का नाही" हे नीट सांगितलं नाही, "तुम्हाला चालणार नाही" एवढंच सांगून विषय संपवला. वर "जीव वाचला हे काय कमी आहे" असंही ऐकवलं. जीव वाचलाय म्हणूनच तो नीट जगायचाय ना?

प्राजक्ताची_फुलं

अबोली, शेवटच्या ओळीला हजार वेळा अनुमोदन. असं ऐकवणाऱ्यांना उत्तर तरी काय द्यायचं?

केतकी

अबोली, "का नाही" हे तुम्हाला कळायलाच हवं होतं. स्वीडनमध्ये हॅबिट्स नावाची चाचणी झाली, ब्रेस्ट कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या स्त्रियांना एचआरटी देऊन. गाठ परत येण्याचं प्रमाण इतकं वाढलेलं दिसलं की ती मुदतीआधी थांबवली. नंतरच्या पाठपुराव्यातही एचआरटी घेणाऱ्या गटात धोका दुपटीहून जास्त होता. त्याच देशातल्या स्टॉकहोमच्या चाचणीत तसं दिसलं नाही, पण पहिलीचा निकाल डावलण्याजोगा नव्हता. पुढे टिबोलोन या वेगळ्या औषधाची लिबरेट चाचणी झाली, ३,००० हून जास्त स्त्रियांवर. त्यातही गाठ परत येण्याचा धोका ४० टक्क्यांनी जास्त होता. रिसेप्टर पॉझिटिव्ह असेल तर आपण टॅमॉक्सिफेनने इस्ट्रोजेनची वाट अडवत असतो, तीच वाट दुसऱ्या हाताने उघडायची नाही, हा त्यामागचा विचार.

पण चालणार नाही म्हणजे उपाय नाही असं नव्हे. व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेंटिन, ऑक्सिब्युटिनिन या हॉर्मोन नसलेल्या औषधांनी झटके कमी होतात. टॅमॉक्सिफेन चालू असताना पॅरॉक्सिटिन आणि फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं टाळावीत, कारण यकृतात टॅमॉक्सिफेनचं कामाच्या रूपात रूपांतर होतं, त्यात ती आड येतात. दुसऱ्या कारणासाठी कुणी ती लिहून दिली, तर टॅमॉक्सिफेन घेतेय हे आवर्जून सांगा. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीनेही झटक्यांचा त्रास आणि झोप यांत फरक पडतो. झटके मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रातून येतात. नेमक्या त्या चेतापेशींवर काम करणारं फेझोलिनेटंट हे हॉर्मोन नसलेलं औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्यासोबत यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. तुमच्या ऑन्कोलॉजिस्टशी यातल्या एकेका औषधाचं नाव घेऊन बोला.

अबोली

खूप खूप आभार. हे सगळं आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. अजून एक विचारते, इथे विचारायला संकोच वाटत नाही म्हणून. खालचा कोरडेपणा इतका आहे की बसतानाही जळजळ होते, लघवीचा संसर्ग परत परत होतो. योनीमार्गात लावायची इस्ट्रोजेनची क्रीम असते म्हणे. तीही बंद?

केतकी

संकोच नकोच, कोरडेपणा आपणहून सहसा जात नाही, वयासोबत वाढतो. आणि हा प्रश्न कॅन्सर न झालेल्या मैत्रिणींसाठीही महत्त्वाचा आहे, म्हणून हिशेब मांडते. योनीमार्गात ठेवायची एक गोळी १० मायक्रोग्रॅमची असते. पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. वर्षभराचं सगळं मिळून सुमारे १.१४ मिलिग्रॅम भरतं. तोंडाने घ्यायची इस्ट्रोजेनची एकच गोळी १ मिलिग्रॅमची असते, आणि ती रोज घेतात. योनीमार्गातली मात्रा बहुतांशी तिथल्या तिथेच काम करते. लॅन्सेटच्या त्या विश्लेषणात ती वापरणाऱ्यांत ब्रेस्ट कॅन्सर वाढलेला दिसला नाही. ज्यांना कॅन्सर झालेला नाही त्यांनी केवळ कॅन्सरच्या भीतीने ही नाकारणं मला पटत नाही.

अबोली, तुमच्यासाठी आधी हॉर्मोन नसलेलं मॉइश्चरायझर, नियमित, आठवड्यातून दोन-तीनदा. संबंधांच्या वेळी वेगळं ल्युब्रिकंट. त्याने भागलं नाही तर ऑन्कोलॉजिस्टच्या संमतीने कमी मात्रेचं इस्ट्रोजेन टॅमॉक्सिफेनसोबत विचारात घेतात. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल अशी अरोमाटेज रोखणारी, म्हणजे शरीरात इस्ट्रोजेन बनू न देणारी औषधं चालू असतील तर जास्त सावध राहतात. डेन्मार्कच्या २०२२ मधल्या पाहणीत त्या गटात गाठ परत येण्याचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं, मृत्यूचं नाही.

शेखर_

पत्नीला बीआरसीए१ आहे, म्हणजे स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा जनुकातला बदल. कॅन्सर झालेला नाही, पण प्रतिबंध म्हणून चाळिशीच्या आत अंडाशयं काढायला सांगितली आहेत. त्यानंतर एचआरटी म्हणजे आगीत तेल नाही का?

केतकी

नाही. इतक्या लवकर इस्ट्रोजेन गेलं तर हाडं आणि हृदय दोन्हींचं नुकसान होतं. तिच्या वयाच्या इतर स्त्रियांच्या शरीरात जे आहे तेच आपण परत देत असतो. स्वतःला ब्रेस्ट कॅन्सर झालेला नसेल, तर बीआरसीए असतानाही नैसर्गिक मेनोपॉजच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, एचआरटी देता येते. आतापर्यंतच्या अभ्यासांत त्याने धोका वाढलेला दिसलेला नाही. हेच ज्यांची पाळी आपणहून चाळिशीच्या आत जाते त्यांनाही लागू. वर दिलेले १,००० मागचे आकडे पन्नाशीनंतर सुरू करणाऱ्यांचे आहेत, ते तिला लावू नका. ऑपरेशनच्या आधीच ही चर्चा करून ठेवा, नंतर नको.

वाटसरू७

अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोव्हेंबर २०२५ मध्ये एचआरटीवरचा काळ्या चौकटीतला इशारा काढत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे २००२ ची सगळी भीती खोटीच होती, नाही का? इतक्या बायकांनी उगाच त्रास काढला.

केतकी

इशारा जरा जास्त व्यापक होता, हे मलाही मान्य आहे. योनीमार्गातल्या इवल्याशा मात्रेवरही तोच छापला जायचा, हे चूक होतं. बायकांनी उगाच त्रास काढला, हेही खरं. पण चौकट काढली म्हणून चाचणीत दिसलेली वाढ नाहीशी होत नाही. दोन्ही हॉर्मोन्स वर्षानुवर्षं घेतल्यास स्तनाचा कर्करोग वाढतो, हे आजही तितकंच खरं आहे. २००२ मध्ये एका टोकाला गेलो, आता दुसऱ्या टोकाला जाऊ नये असं मला फार वाटतं. सौंदर्यासाठी, तरुण दिसण्यासाठी, किंवा "हृदय चांगलं राहील" म्हणून हॉर्मोन्स विकणारी मंडळी पुन्हा दिसायला लागलीत. त्रास नसताना त्यासाठी घेऊ नये. आणि "खास तुमच्यासाठी बनवलेली नैसर्गिक हॉर्मोन्स" म्हणून मिळणारी मिश्रणं तर नकोच, त्यांत किती मात्रा आहे याची खात्री नसते.

सांजवेळ

सगळ्यांचे आभार. केतकी, तुमचं वाचून उद्याच्या भेटीसाठी लिहून ठेवलंय : गोळीऐवजी पॅच किंवा जेल चालेल का, सोबत मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन मिळेल का, मॅमोग्राफी आधी करू का, आणि किती वर्षांनी पुन्हा विचार करायचा. मावशीचं काय करू ते तेवढं सांगा. आणि घेतलंच तर लक्ष कशावर ठेवायचं?

केतकी

साठीनंतर एका मावशीला होणं, एवढ्यावरून एचआरटी नाकारायची गरज सहसा नसते. आई किंवा बहिणीला झाला असता, तोही कमी वयात, किंवा घरात अंडाशयाचाही कर्करोग असता, तर आधी जनुकीय सल्ला घ्या म्हटलं असतं. आजोळ आणि वडिलांकडचं घर दोन्ही बाजूंचा इतिहास विचारून जा, वडिलांकडचा सांगायचा राहतोच.

मॅमोग्राफी आधी कराच. दोन्ही हॉर्मोन्सनी स्तनाची घनता वाढू शकते आणि पुढच्या फिल्म वाचायला अवघड जातात, त्यामुळे सुरू करण्याआधीची फिल्म तुलनेला हाताशी हवी. पॅच किंवा जेलने स्तनाच्या धोक्यात मोठा फरक पडतो असं नाही, पण नेहमीच्या मात्रेत रक्ताच्या गुठळीचा धोका टळतो, म्हणून मला तो बरा वाटतो. पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत आणि साठीच्या आत सुरू करणं चांगलं, त्यात तुम्ही बसता. दर वर्षी भेटा आणि अजून गरज आहे का हे ठरवा.

स्तनात नवी गाठ, त्वचेला खळी, निपल आत ओढलं जाणं किंवा त्यातून रक्त, यांपैकी काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. पहिल्या काही महिन्यांत थोडं डाग लागणं चालतं. सहा महिन्यांनंतरही रक्त जात असेल, किंवा बंद झालेलं पुन्हा सुरू झालं, तर सोनोग्राफी करून अस्तराची जाडी पाहावीच लागते. पॅच लावताना स्तनावर लावू नका, कमरेखाली लावा.